व्यक्तिमत्त्व चाचणी करून घेताना : बडोद्यातील मराठी कुटुंबांसाठी मार्गदर्शक

छातीतील धडधड, उडालेली झोप, पोटाच्या तक्रारी किंवा वर्षानुवर्षे न हटणारी डोकेदुखी घेऊन आपण डॉक्टरांकडे जातो, सगळे रिपोर्ट बरे येतात आणि एके दिवशी डॉक्टर चिठ्ठीवर ‘व्यक्तिमत्त्व मूल्यमापन करून घ्यावे’ असे लिहून देतात. दांडिया बाजारातल्या आमच्या घरी अशी चिठ्ठी आली ती माझ्या धडधडीसाठी, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांचा पहिला प्रश्न होता, ‘हे वेडाचे तपासायला सांगितले आहे का?’ तसे काही नव्हते. तरीही पुढे कोणाकडे जायचे, कोणत्या भाषेत प्रश्न सोडवायचे, हाती आलेल्या आकड्यांचा अर्थ काय लावायचा आणि तो कागद कोणाला दाखवायचा, हे नीट समजावून सांगणारे कोणी भेटत नाही. ज्यांच्या हाती अशी चिठ्ठी नुकतीच आली आहे, त्यांच्यासाठी ही माहिती क्रमवार मांडत आहे.

१. चाचणी कोणत्या प्रश्नासाठी हवी, ते आधी लिहून घ्या

व्यक्तिमत्त्व चाचणी अनेक कारणांसाठी केली जाते. निदानाला मदत म्हणून, मानसोपचाराची दिशा ठरवण्यासाठी, दीर्घ आजाराच्या रुग्णाला औषधपाणी सांभाळणे का जमत नाही हे समजून घेण्यासाठी, नोकरीतील निवडीसाठी आणि निव्वळ कुतूहलापोटीसुद्धा. प्रत्येक कारणासाठी वेगळी चाचणी लागते. म्हणून चिठ्ठी देणाऱ्या डॉक्टरांनाच विचारावे की, ‘या चाचणीतून आपल्याला नेमके काय जाणून घ्यायचे आहे?’ आणि मिळालेले उत्तर त्यांच्याच हस्ताक्षरात चिठ्ठीवर लिहून मागावे. ‘हृदयाचे सर्व अहवाल सामान्य, चिंतेचा स्वभाव आहे की चिंतेचा आजार, हे पाहावे’ अशी एक ओळ असली तरी पुढील मानसशास्त्रज्ञाचे काम निम्म्याने सोपे होते. प्रश्न नसेल तर अहवालही मोघमच येतो.

मोबाइलवर दहा मिनिटांत सोडवलेली आणि शेवटी चार अक्षरांचा ‘प्रकार’ हाती देणारी चाचणी या कामाची नाही. मायर्स-ब्रिग्ज पद्धतीच्या अशा चाचण्या माणसांना सोळा कप्प्यांत बसवतात. प्रत्यक्षात बहुतेक माणसे कोणत्याही गुणाच्या मध्याजवळ असतात, त्यामुळे काही आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा दिली तर कप्पा बदललेला दिसू शकतो. आजाराच्या निदानासाठी त्या बनवलेल्याच नाहीत. बोटांच्या ठशांवरून किंवा हस्ताक्षरावरून स्वभाव आणि भावी आजार सांगणाऱ्यांची जाहिरात दिसली तर तिथे पैसे घालवू नयेत. त्याला शास्त्रीय आधार नाही.

२. शरीराची तपासणी आधी पूर्ण करा

हा टप्पा अनेक जण गाळतात, आणि माझ्या मते संपूर्ण प्रक्रियेतला हाच सर्वांत महत्त्वाचा टप्पा आहे. स्वभाव बदलल्यासारखा वाटण्याची कितीतरी कारणे निव्वळ शारीरिक असतात. थायरॉइड ग्रंथीचे काम मंदावले तर माणूस सुस्त, उदास आणि विसराळू होतो. तेच काम वाढले तर तो चिडचिडा, अस्वस्थ होतो आणि छातीत धडधडही होते. जीवनसत्त्व बी-१२ कमी पडले की थकवा, हातापायांना मुंग्या, स्मरणातील अडचणी आणि खिन्नता दिसू शकते, आणि ज्या घरांत मांस-अंडी वर्ज्य असतात तिथे ही कमतरता सर्रास आढळते. दमा किंवा संधिवातासाठी स्टेरॉइड घेणाऱ्या रुग्णाची झोप उडते आणि मनःस्थिती वरखाली होते. झोपेत श्वास अडखळण्याचा विकार असलेला, मोठ्याने घोरणारा माणूस दिवसभर त्रासलेला असतो, आणि त्याला घरातले ‘तापट’ म्हणून मोकळे होतात.

म्हणून थायरॉइड, हिमोग्लोबिन, साखर आणि बी-१२ यांच्या अलीकडच्या तपासण्या हातात असाव्यात. आणखी एक गोष्ट घरच्यांनी नीट पाहावी. स्वभाव तरुणपणापासून साधारण तसाच असेल तर तो स्वभाव. पण चाळिशी-पन्नाशीनंतर एखादा संयमी माणूस अचानक असभ्य बोलू लागला, पैसे उधळू लागला किंवा आप्तांबद्दल बेफिकीर झाला, तर व्यक्तिमत्त्व चाचणीआधी मेंदूविकारतज्ज्ञांची भेट घ्यावी. मेंदूच्या पुढच्या भागाला ग्रासणाऱ्या स्मृतिभ्रंशात विस्मरणाच्याही आधी वागणे बदलते.

३. कोणाकडे जायचे ते ठरवा

तीन पेशांत गल्लत होते. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे सायकियाट्रिस्ट, हे वैद्यकीय डॉक्टर असतात, निदान करतात आणि औषधे लिहून देतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे रुग्णांसोबत काम करणारे मानसशास्त्रज्ञ, चाचण्या घेतात, त्यांचा अर्थ लावतात आणि बोलण्यातून उपचार करतात. औषध देत नाहीत. समुपदेशक ताणतणावाच्या प्रसंगी आधार देतात, पण निदानासाठीच्या चाचण्यांचे प्रशिक्षण त्यांच्याकडे असेलच असे नाही. आपल्याला हवे आहेत ते क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. १९९२ च्या कायद्याखालील भारतीय पुनर्वास परिषद क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी करते आणि प्रत्येकाला नोंदणी क्रमांक देते. हा क्रमांक विचारण्यात अपमानास्पद काही नाही. जाणकार व्यक्ती तो स्वतःच अहवालाच्या तळाशी लिहिते.

बडोद्यात सरकारी वाट हवी असेल तर बडोदा मेडिकल कॉलेजशी जोडलेले सर सयाजीराव जनरल रुग्णालय, म्हणजे आपले सयाजी हॉस्पिटल, आणि कारेलीबागेतील मानसिक आरोग्य रुग्णालय या दोन जागा आहेत. कारेलीबागेचे नाव काढताच घरात कुजबूज सुरू होते, हे मी जाणून आहे. तिथल्या बाह्यरुग्ण विभागात झोप न लागणारी, परीक्षेची धास्ती घेतलेली किंवा आईवडिलांची काळजी वाहून थकलेली माणसेही येतात, आणि केस पेपर काढून तपासून घेतल्याने कोणी ‘दाखल’ होत नाही. सरकारी रुग्णालयात पहिल्या दिवशी बहुधा फक्त डॉक्टरांची भेट होते आणि चाचणीसाठी वेगळी तारीख मिळते, तेव्हा एकाच सकाळी सगळे उरकेल या हिशेबाने सुट्टी टाकू नये.

खासगी ठिकाणी जाणार असाल तर फोनवरच तीन गोष्टी विचाराव्यात. एकूण किती बैठका लागतील, शुल्कात लेखी अहवाल आणि तो समजावून सांगण्याची बैठक धरलेली आहे का, आणि चाचणीचा अर्थ स्वतः मानसशास्त्रज्ञ लावणार की संगणकातून निघालेला छापील कागद देणार. तिसऱ्या प्रश्नाला गोलमाल उत्तर आले तर दुसरे ठिकाण पाहावे.

४. चाचणीची भाषा ठरवा

पुण्या-नागपूरच्या माणसाला हा प्रश्न पडणार नाही. बडोद्याच्या मराठी माणसाला पडतोच. घरात मराठी, शाळा गुजराती माध्यमाची, कचेरीत हिंदी आणि इंग्रजी, अशी आपली स्थिती असते. माझ्या वयाच्या अनेकांना मराठी अस्खलित बोलता येते, पण लांबलचक मराठी मजकूर वाचायला घेतला की गती मंदावते, आणि गुजराती भराभर वाचता येते. चाचणीत एकापाठोपाठ एक शेकडो विधाने वाचून झटपट ‘होय’ किंवा ‘नाही’ म्हणायचे असते, म्हणून ज्या भाषेत आपण न अडखळता वाचतो आणि शब्दाची छटा ओळखतो, ती भाषा निवडावी. ती मातृभाषाच असली पाहिजे असे नाही.

प्रत्येक चाचणीची अधिकृत मराठी किंवा गुजराती आवृत्ती मिळेलच असेही नाही. निव्वळ भाषांतर झालेले असणे पुरेसे नसते. ते भारतीय लोकांवर तपासले आहे का आणि आपले गुण कोणत्या लोकसमूहाच्या सरासरीशी ताडले जाणार आहेत, हे महत्त्वाचे. अमेरिकेतील प्रौढांची सरासरी घेऊन बडोद्यातल्या एकत्र कुटुंबातील सुनेचे ‘परावलंबित्व’ मोजले तर निष्कर्ष वाकडाच निघणार; मोठा निर्णय सासूसासऱ्यांना विचारून घेणे हा तिथे रिवाज असतो, लक्षण नव्हे. हा मुद्दा मानसशास्त्रज्ञांसमोर मोकळेपणाने मांडावा.

एक सापळा मात्र कटाक्षाने टाळावा. वाचता न येणाऱ्या आजी-आजोबांसाठी मुलगा किंवा सून शेजारी बसून प्रश्न समजावून सांगते, आणि उत्तरेही हळूहळू तिचीच होत जातात. मुलासमोर ‘मला कधी कधी जगणे नकोसे वाटते’ या विधानाला ‘होय’ म्हणणारे आईवडील विरळाच. वाचून दाखवण्याची गरज असेल तर ते काम मानसशास्त्रज्ञांनी किंवा त्यांच्या प्रशिक्षित सहकाऱ्याने करावे.

५. आपल्यासमोर कोणती चाचणी येणार, याची तोंडओळख करून घ्या

प्रश्न आधी पाठ करू नयेत. त्याने चाचणी निरुपयोगी होते. स्वरूप माहीत असले की धास्ती मात्र कमी होते.

निदानासाठी जगभर सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या चाचण्यांपैकी एक म्हणजे मिनेसोटा विद्यापीठात तयार होऊन १९४३ मध्ये प्रसिद्ध झालेली एमएमपीआय. तिच्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत ५६७ विधाने आहेत आणि ती सोडवायला तास-दीड तास लागतो. रेमंड कॅटेल यांची ‘सिक्स्टीन पीएफ’ स्वभावाचे सोळा घटक मोजते. तिच्या पाचव्या आवृत्तीत १८५ प्रश्न आहेत. कोस्टा आणि मॅक्रे यांची ‘निओ’ ही २४० विधानांची प्रश्नावली भावनिक अस्थिरता, बहिर्मुखता, नव्या अनुभवांबद्दलचा खुलेपणा, सौहार्द आणि कर्तव्यदक्षता हे पाच गुण मोजते. आरोग्याशी स्वभावाचे नाते शोधणारे आजचे बहुतेक संशोधन याच पाच गुणांभोवती फिरते.

शाईचे डाग दाखवून ‘हे काय दिसते’ विचारणारी रोर्शाक चाचणी १९२१ ची असून तिच्यात दहा कार्डे असतात. चित्रावरून गोष्ट सांगायला लावणारी टीएटी ही १९३५ पासूनची. तिचे भारतीय रूपांतरही झालेले आहे. या दोन्हींवर तज्ज्ञांमध्ये मतभेद आहेत, आणि केवळ तेवढ्याच आधारावर कोणी ठाम निदान सांगत असेल तर दुसरे मत घ्यावे.

डॉक्टर बऱ्याचदा नऊ प्रश्नांची पीएचक्यू-९ किंवा सात प्रश्नांची जीएडी-७ ही प्रश्नावलीही भरून घेतात. त्या गेल्या दोन आठवड्यांतील उदासी आणि चिंता मोजतात, स्वभाव नव्हे. हा फरक पुढे अहवाल वाचताना उपयोगी पडेल.

६. सोबत काय न्यावे

– डॉक्टरांची चिठ्ठी, तिच्यावर लिहिलेल्या प्रश्नासह
– आधार कार्ड आणि सरकारी रुग्णालयाचा जुना केस पेपर असल्यास तो
– गेल्या सहा महिन्यांतील रक्त तपासण्या, ईसीजी किंवा इको, सोनोग्राफी यांच्या झेरॉक्स प्रती
– सध्या चालू असलेल्या सर्व औषधांची यादी; आयुर्वेदिक, होमिओपॅथिक आणि स्वतःच्या मनाने घेतलेल्या झोपेच्या गोळ्यांसह
– आजाराचा क्रम : तक्रार केव्हा सुरू झाली, त्या सुमारास घरात किंवा नोकरीत काय घडत होते
– कुटुंबातील मानसिक आजार, आत्महत्या, व्यसन किंवा अकाली हृदयविकार यांची नोंद
– वाचण्याचा चष्मा आणि लागत असल्यास श्रवणयंत्र

शेवटची ओळ वाचून हसू येईल, पण चष्म्याविना ५६७ विधाने वाचणाऱ्याची उत्तरे शंभराव्या विधानानंतर कशी असतील, याचा विचार करून पाहावा.

तुम्हाला लहानपणापासून ओळखणारी एखादी व्यक्ती, बहीण, भाऊ किंवा जुना मित्र, मुलाखतीच्या शेवटी थोडा वेळ उपलब्ध ठेवता आली तर फार बरे. आपल्या स्वभावाबद्दल आपल्याला जे दिसत नाही, ते त्यांना दिसते. जोडीदार असतोच, पण त्या काळात संसारात कुरबुर चालू असेल तर त्याचे वर्णन त्या कुरबुरीने रंगलेले असते.

७. चाचणीच्या दिवशी

रात्रीची झोप पूर्ण झालेली असावी. आपल्याकडे नवरात्रात गरब्याहून परतायला उशीर होतो, त्या नऊ दिवसांत आणि त्यानंतरच्या दोन-तीन दिवसांत तारीख घेऊच नये. उपास असेल तर तो दिवस टाळावा, न्याहारी करून जावे आणि नेहमीची औषधे नेहमीच्या वेळी घ्यावीत. ‘चाचणीत खरे यावे’ म्हणून डॉक्टरांना न विचारता गोळ्या बंद करणे धोक्याचे आहे. काही औषधे अचानक थांबवल्याने जो त्रास होतो, तोच अहवालात आजार म्हणून उतरतो.

उत्तरे देताना पहिला मनात आलेला पर्याय निवडावा. आपण चांगले दिसावे म्हणून दिलेली उत्तरे ओळखण्याची सोय या चाचण्यांत असते. एमएमपीआयमध्ये यासाठी स्वतंत्र मापे आहेत. ‘मी कधीच कोणावर रागावलो नाही’ अशा धाटणीच्या विधानांना सतत ‘होय’ म्हणणाऱ्याचा अहवाल ‘विश्वासार्ह नाही’ असा शेरा घेऊन येतो. उलट, त्रास कमी लेखला जाईल या भीतीने सगळेच वाढवून सांगणाराही तिथेच सापडतो. आपल्या समाजात दुःख बोलून दाखवण्याचा संकोच असतो आणि पुष्कळ जण ‘तसे काही नाही, फक्त पित्त होते’ एवढ्यावर थांबतात. त्या बंद खोलीत निदान तेवढा वेळ तरी हा संकोच बाजूला ठेवावा.

तीव्र नैराश्याच्या किंवा शोकाच्या काळात घेतलेली व्यक्तिमत्त्व चाचणी फसवी असते. त्या अवस्थेत माणूस आपले सारे आयुष्यच अंतर्मुख आणि अपयशी म्हणून पाहतो. उपचाराने मन सावरल्यावर तीच चाचणी वेगळे उत्तर देते. अशा वेळी मानसशास्त्रज्ञ स्वतःच ‘काही आठवडे थांबू या’ म्हणतील. ती टाळाटाळ समजू नये.

८. अहवाल कसा वाचावा

अहवालात बहुधा ‘टी गुण’ दिलेले असतात. त्यांची सरासरी ५० धरलेली असते आणि दर १० गुणांना एक पायरी समजावी. म्हणजे ५८ गुण पाहून ‘शंभरपैकी अठ्ठावन्न’ असे समजण्यात अर्थ नाही; तो आकडा सरासरीच्या जरासा वर आहे, इतकेच. एमएमपीआयच्या दुसऱ्या आवृत्तीत ६५ आणि त्यापुढील गुणांकडे वैद्यकीय दृष्टीने लक्ष दिले जाते, तेही मुलाखतीत त्याला दुजोरा मिळाला तर. मापांची जुनी नावे, उदाहरणार्थ ‘स्किझोफ्रेनिया’, पाहून घाबरू नये. त्या मापावर गुण वाढले म्हणजे तो आजार झाला असा अर्थ होत नाही. थकलेल्या, एकाकी किंवा दीर्घ आजारी माणसाचेही तिथले गुण वाढू शकतात.

याच कारणाने शारीरिक रुग्णांनी एक प्रश्न अवश्य विचारावा. ‘मला खरोखरच थकवा येतो’, ‘छातीत धडधडते’, ‘पोट बिघडते’ या विधानांना मधुमेही किंवा हृदयरुग्ण प्रामाणिकपणे ‘होय’ म्हणतो आणि शारीरिक तक्रारींच्या मापावर त्याचे गुण चढतात. ते आजारामुळे चढले की स्वभावामुळे, हे संगणक सांगू शकत नाही. फाईल वाचलेला मानसशास्त्रज्ञच सांगू शकतो.

‘व्यक्तिमत्त्व विकार’ हे शब्द अहवालात आले तर ते केवळ प्रश्नावलीवरून आले की सविस्तर मुलाखतीनंतर, हे पाहावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजार-वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती २०२२ पासून लागू आहे. तिने विकारांच्या जुन्या नावांची यादी जवळजवळ बाजूला ठेवून सौम्य, मध्यम आणि तीव्र अशा पायऱ्या स्वीकारल्या आहेत. माणसाचे काम आणि नातेसंबंध दीर्घकाळ किती बिघडले आहेत, यावर ती पायरी ठरते. एका दुपारच्या चाचणीत एवढे सगळे मावत नाही.

९. स्वभावाचा आजाराशी संबंध किती मानावा

इथे लोकांचा सर्वांत जास्त गोंधळ होतो, कारण ‘तापट माणसाला हार्ट अटॅक येतो’ आणि ‘मनात कुढणाऱ्याला कॅन्सर होतो’ ही दोन वाक्ये आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत.

पहिल्याचा इतिहास असा. सॅन फ्रान्सिस्कोचे हृदयरोगतज्ज्ञ मेयर फ्रिडमन आणि रे रोझेनमन यांनी १९५९ मध्ये सदैव घाईत असणाऱ्या, चढाओढीच्या, चटकन संतापणाऱ्या ‘टाइप ए’ माणसाचे वर्णन केले. पुढे कॅलिफोर्नियातील ३,१५४ निरोगी पुरुषांवर साडेआठ वर्षे लक्ष ठेवल्यावर अशा पुरुषांत हृदयविकार सुमारे दुप्पट आढळला. मात्र त्याच गटाचा २२ वर्षांनंतर आढावा घेतला तेव्हा हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंशी हा संबंध दिसला नाही, आणि तंबाखू कंपन्यांनी या विषयावरील संशोधनाला पैसा पुरवला होता हेही नंतर उघड झाले. दोष सिगारेटचा नसून स्वभावाचा आहे, असे दाखवण्यात त्यांचे हित होते. आज त्या संकल्पनेतून टिकून राहिला आहे तो मुख्यतः सततच्या वैरभावाचा आणि संतापाचा भाग. नुसती कामाची घाई दोषी ठरत नाही.

बेल्जियमचे मानसशास्त्रज्ञ योहान डेनोले यांनी ‘टाइप डी’ मांडला. मन सतत उदास-चिंतित, आणि ते कोणापुढे उघड करायचे नाही, अशी ही जोडी आहे. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात अशा हृदयरुग्णांपैकी २७ टक्के दगावले, तर इतरांपैकी ७ टक्के. नंतरच्या मोठ्या अभ्यासांत हा फरक पुष्कळ कमी झाला किंवा दिसलाच नाही. डॉक्टर यासाठी १४ प्रश्नांची छोटी चाचणी घेतात. तिच्यात गुण जास्त आले तर नैराश्याची तपासणी करून घ्यावी. आयुष्य मोजायला बसू नये.

कॅन्सरबद्दल मात्र निःशंक सांगता येते. स्वीडन आणि फिनलंडमधील सुमारे ६० हजार जुळ्या भावंडांच्या २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बहिर्मुखता किंवा भावनिक अस्थिरता यांचा कॅन्सर होण्याशी संबंध आढळला नाही. ‘कॅन्सरचा स्वभाव’ ठासून मांडणाऱ्यांत प्रसिद्ध मानसशास्त्रज्ञ हान्स आयझेंक हेही होते. त्यांच्या अशा २६ शोधनिबंधांना लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या चौकशीने २०१९ मध्ये अविश्वासार्ह ठरवले. तेव्हा कॅन्सरच्या रुग्णाला ‘तू मनात ठेवलेस म्हणून झाले’ असे सांगणाऱ्या नातलगाला तिथेच थांबवावे. आजाराच्या जोडीला अपराधीपणाचे ओझे त्या माणसाने का वाहावे?

मानसिक आजारांशी नाते अधिक पक्के आहे. भावनिक अस्थिरता जास्त असणाऱ्यांत नैराश्य आणि चिंताविकार अधिक आढळतात, हे वारंवार दिसून आले आहे. शरीराच्या बाजूने सर्वांत सातत्याने दिसलेला दुवा कर्तव्यदक्षतेचा. कॅलिफोर्नियात १९२१ मध्ये सुमारे १,५०० हुशार मुलांची नोंद सुरू झाली होती. १९९३ मध्ये त्यांच्या आयुर्मानाचा अभ्यास झाला तेव्हा लहानपणी नीटनेटकी, जबाबदार म्हणून नोंदलेली मुले सरासरीने जास्त जगलेली आढळली. यामागे गूढ काही नाही. असा माणूस गोळी वेळेवर घेतो, व्यसनात कमी अडकतो, गाडी जपून चालवतो, तपासणीची तारीख चुकवत नाही. स्वभावाचा आजारावर जो परिणाम होतो, त्याचा मोठा भाग अशा रोजच्या वागण्यातून जातो, आणि काही भाग ताणाच्या वेळी शरीरात होणाऱ्या बदलांतून.

म्हणून अहवाल हाती आल्यावर ‘कोणत्या गुणामुळे मला आजार झाला’ असे विचारू नये. ‘या गुणामुळे माझ्या झोपेत, औषधात, खाण्यात आणि डॉक्टरांशी बोलण्यात कुठे अडथळा येतो’ असे विचारावे. या प्रश्नाचे उत्तर मानसशास्त्रज्ञ देऊ शकतात, आणि त्यावर उपाय करता येतो.

१०. अहवालानंतर काय करावे

अहवाल कपाटात न ठेवता चिठ्ठी देणाऱ्या डॉक्टरांना दाखवावा. माझ्या अहवालात चिंतेचे प्रमाण वरचे आले होते. त्यावरून डॉक्टरांनी धडधडीच्या तपासण्या पुन्हा पुन्हा करणे थांबवले आणि मला चिंतेसाठी बोलण्यातून होणाऱ्या उपचाराकडे वळवले. एखाद्याची कर्तव्यदक्षता कमी आली असेल तर उपदेश करून भागत नाही. त्याच्यासाठी आठवड्याची गोळ्यांची डबी, मोबाइलचा गजर आणि दिवसातून एकदाच घ्यायचे औषध शक्य आहे का ही विचारणा, यांचा उपयोग होतो. संकोची रुग्णाने आपले प्रश्न घरूनच कागदावर लिहून न्यावेत.

‘स्वभावाला औषध नाही’ असे आपल्याकडे म्हणतात. २०१७ मध्ये २०७ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला, त्यात उपचारांनंतर, सरासरी २४ आठवड्यांत, मोजता येण्याजोगा बदल आढळला, आणि सर्वांत जास्त बदल भावनिक स्थैर्यात. पिंड पालटत नाही, पण त्रासाची धार कमी होते.

गोपनीयतेची काळजी स्वतः घ्यावी. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २३ नुसार तुमची माहिती गुप्त ठेवणे उपचार करणाऱ्यांवर बंधनकारक आहे, आणि कलम २५ नुसार स्वतःच्या वैद्यकीय नोंदी पाहण्याचा अधिकार तुम्हाला आहे. विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजाराप्रमाणेच धरावे, असेही हाच कायदा सांगतो. उपचारासाठी केलेला अहवाल नोकरीच्या ठिकाणी किंवा लग्नाच्या बोलणीत पुरावा म्हणून वापरू देऊ नये, आणि त्याचा फोटो कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप गटावर तर मुळीच टाकू नये. मूळ प्रत आपल्याजवळ, झेरॉक्स डॉक्टरांकडे.

पुन्हा चाचणी कधी करायची, हे उपचार करणाऱ्यांनी ठरवावे. दर दोन महिन्यांनी आकडे पाहण्याची ही साखर तपासणी नाही. मात्र स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील तर चाचणीच्या तारखेची वाट पाहू नये. टेली-मानस ही भारत सरकारची विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध असून तिथे प्रादेशिक भाषांतही बोलता येते, आणि सयाजी हॉस्पिटलचा तातडीचा विभाग रात्रीही उघडा असतो.